चित्रांचा शेजार

दिवाळीपूर्वी घराला रंगसफेदी झाली, की उतरवून ठेवलेल्या तसबिरी पुन्हा भिंतीवर चढवायच्या असतात. खिळे तेच, तसबिरीही त्याच. तरी कोणाशेजारी कोण, यावरून घरात दोन पक्ष पडतात. देवांच्या रांगेत आजोबा नकोत, असे एकाचे म्हणणे. आजोबांच्या शेजारी लग्नातला फोटो नको, असे दुसऱ्याचे. वाद घरगुती खरा, पण हाच प्रश्न मोठमोठ्या संग्रहालयांनाही सुटलेला नाही. चित्रकाराप्रमाणे चित्रे लावावीत, सालाप्रमाणे लावावीत, की त्यांच्यातल्या आतल्या नात्याप्रमाणे?

सातारा जिल्ह्यातल्या औंधला हा प्रश्न फार गोड होऊन भेटतो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि वर कीर्तनकार! कीर्तनकाराला आख्यानाचा क्रम सोडून कसे चालेल? १९१६ साली त्यांनी चित्ररामायण प्रसिद्ध केले. पाने उलटावीत तशी कथा पुढे सरकते. त्यांच्याच संस्थानातला आटपाडीचा मुलूख आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथल्या शेटफळ्यात जन्मलेले ग. दि. माडगूळकर काही काळ औंधला शिकायला होते. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून त्यांचे गीतरामायण घरोघर ऐकले गेले. छप्पन्न गीते, कधी कौसल्या बोलते, कधी भरत, कधी शबरी. प्रत्येक गीत म्हणजे एक स्वतंत्र चित्रच. पण आरंभी कुशलव रामापुढे गायला बसतात आणि सारी माळ एका सुतात ओवली जाते. कार्यकारण जोडण्याचा मोह मी आवरतो. मात्र ही दोन रामायणे शेजारी ठेवून पाहायला कोणाची हरकत नसावी.

बाळासाहेबांनी अजिंठ्यावरही पुस्तक लिहिले, १९३२ साली. अजिंठ्याची तऱ्हा आणखी निराळी. तिथे पुष्कळदा कथा काळाच्या ओघाने चालत नाही, स्थळाच्या ओघाने चालते. राजवाड्यात घडलेले एकीकडे, अरण्यात घडलेले दुसरीकडे. आधी काय नि नंतर काय, ते पाहणाऱ्याने लावून घ्यावे.

यमाईच्या डोंगरावर १९३८ साली उभ्या राहिलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची ‘दमयंती’ आहे आणि ‘सैरंध्री’ही आहे. एका चित्रकाराची म्हणून ती पाहिली, तर आपण रंग पाहतो, नेसण पाहतो आणि पुढे सरकतो. पण महाभारत मनात धरून पाहा. द्यूतात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी वनात नलाख्यान सांगतात. त्यातली दमयंती चेदीच्या राजवाड्यात सैरंध्री होऊन दिवस काढते. पुढे अज्ञातवासात विराटाच्या घरी द्रौपदीवर तीच पाळी येते. वनपर्वातली परक्याची हकीकत विराटपर्वात घरची झाली! म्हणून दमयंती आधी आणि सैरंध्री नंतर, असे माझे मत आहे.

तिथेच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची ‘माता आणि मूल’ ही कृती आहे. इथे कथेचा धागा तुटतो. आकाराचा धरावा लागतो. ‘हे कसले शिल्प, ना धड नाक ना डोळे,’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शेंदूर लावलेल्या तांदळ्याला हात जोडून ‘आई’ म्हणणाऱ्या आपण तरी असे म्हणू नये. देवीचे दर्शन घेऊन मग ते शिल्प पाहावे.

अर्थात क्रमाचा जुलूमही होतो. शिक्षकाने लावलेला क्रम पाठ केला, की डोळे मिटलेच म्हणून समजा. म्हणून सांगलीहून विद्यार्थ्यांची सहल औंधला नेली, तेव्हा मी काहीच सांगितले नाही. संग्रहालय पाहून झाल्यावर आवडलेल्या कलाकृतींची नावे चिठ्ठ्यांवर लिहून त्या ओळीने मांडायला सांगितल्या. एका मुलीने दमयंती आणि सैरंध्री यांच्या मधोमध मूरचे शिल्प ठेवले. वर्गात हसू पिकले. मी कारण विचारले.

ती म्हणाली, “सर, दमयंतीने वनात जाण्याआधी मुलांना माहेरी धाडलं होतं ना? द्रौपदीचीही पाच मुलं तिच्यापाशी नव्हती. दोघींच्या मध्ये काय होतं, ते ठेवलंय.”

हसणारे गप्प झाले. एकाने उठून आपल्या चिठ्ठ्या उचलल्या आणि पुन्हा मांडायला घेतल्या.