डिझेल खाणारी अळंबी : खरं किती, जादू किती?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर.

गॅरेजसमोरची ती काळी, चिकट जमीन तुम्ही पाहिली असेल. पावसाळ्यात आजूबाजूला हिरवंगार होतं, पण तिथे गवताची काडी उगवत नाही. ही माती उचलून दुसरीकडे टाकली तर घाण फक्त जागा बदलते. मग करायचं काय? एक उत्तर आहे बुरशी. पण ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, हे मला आज सांगायचंय.

बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती अन्नावर रस सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. लाकडाला घट्टपणा येतो तो लिग्निनमुळे. ते फोडणं फार थोड्या जिवांना जमतं. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, त्यातलीच एक. तिचे एन्झाइम एकाच कुलपाच्या किल्लीसारखे नसतात, हातोड्यासारखे असतात. डिझेल किंवा फर्नेस ऑइल म्हणजे तरी काय? कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या नि कडी. लाकूड फोडणारा हातोडा त्यांच्यावरही चालतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 1990च्या दशकाच्या शेवटी याची चाचणी झाली. पॉल स्टॅमेट्स यांनी बॅटल या संशोधन संस्थेबरोबर डिझेलने माखलेल्या मातीच्या ढिगात धिंगरीचं बियाणं मिसळलं. तुलनेसाठी बाकीचे ढीग वेगळे ठेवले. स्टॅमेट्स सांगतात, सहा आठवड्यांनी ते ढीग काळे आणि वास मारणारे होते, तर धिंगरीच्या ढिगावर अळंबीच अळंबी! तिच्यावर किडे आले, किड्यांमागे पक्षी आले, मग रोपंही उगवली. आता एक लक्षात ठेवा. स्टॅमेट्स स्वतः अळंबीच्या व्यवसायातले, त्यामुळे त्यांचा उत्साह मोठा. पण मूळ रसायनशास्त्र इतर प्रयोगशाळांनीही तपासलेलं आहे.

मग समुद्रात तेल सांडलं की धिंगरी टाकायची का? नाही! तिला हवा लागते, ओलावा लागतो आणि पेंढा किंवा भुसा लागतो. खाऱ्या लाटांवर ती टिकत नाही. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ ही जहाजं धडकली आणि तेल किनाऱ्यावरच्या खारफुटीपर्यंत पोचलं. अशा कामासाठी आपल्याकडे ‘टेरी’ संस्थेचं ‘ऑइलझॅपर’ आहे. ते तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण आहे, बुरशी नाही.

खरं तर दोघांची जोडी चांगली जमते. मोठी, हट्टी कडी बुरशी फोडते आणि उरलेले तुकडे जिवाणू संपवतात. बुरशीचे तंतू मातीच्या बारीक फटींतून जातात आणि जिवाणू त्यांच्यावरून, रस्त्यावरून जावं तसे, तेलापर्यंत पोचतात.

आता तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एक, शिसं किंवा कॅडमियमसारखे धातू बुरशी फोडू शकत नाही. उलट ते अळंबीत साठू शकतात. म्हणून अशा मातीवरची अळंबी कधीच खायची नाही, कितीही छान दिसली तरी! दोन, वास गेला म्हणजे माती स्वच्छ झाली असं नाही. आधी आणि नंतर प्रयोगशाळेत तपासणी हवीच. तीन, गळती चालू असेल तर आधी ती बंद करा. वरून तेल पडतंय आणि खाली बुरशी राबतेय, याला काही अर्थ नाही.

धिंगरी आपल्याकडे नवी नाही. महाराष्ट्रात अनेक शेतकरी ती भाताच्या पेंढ्यावर पिकवतात. त्यामुळे बुरशी स्वस्त आहे, महाग आहे तो वेळ. जेसीबी एका दिवसात माती उचलतो, बुरशीला आठवडे, महिने लागतात. पण जेसीबी घाण हलवतो आणि बुरशी ती संपवते. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘माती उचलून टाकली, काम झालं’, तर एवढंच विचारा : टाकली कुठे?

भेटूया पुढच्या भागात. ऐकत राहा!