बीजगणितात अव्वल, तरीही एफ.ए. अनुत्तीर्ण : कुंभकोणमच्या महाविद्यालयाचा नियम नेमका काय होता?

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथील शासकीय महाविद्यालयाने १९०५ मध्ये एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती काढून घेतली. गणितात त्याची बरोबरी करणारे वर्गात कोणी नव्हते. मात्र इंग्रजी निबंधलेखनात तो अनुत्तीर्ण झाला होता आणि नियमानुसार त्याला वरच्या वर्गात पाठविता येत नव्हते. श्रीनिवास रामानुजन असे या विद्यार्थ्याचे नाव होते. पुढे १९१८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. महाविद्यालयीन पदवीपूर्व परीक्षा मात्र त्यांना अखेरपर्यंत उत्तीर्ण होता आली नाही.

ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. ती सांगताना महाविद्यालयाला दोष दिला जातो आणि विषय तेथेच संपतो. परंतु तो नियम काय होता, तो कशासाठी होता आणि त्याला अपवाद करण्याची वेळ आली तेव्हा तो कसा करण्यात आला, हे समजून घेणे आजच्या विद्यार्थ्यांसाठीही उपयुक्त आहे. एखाद्या विषयात प्रावीण्य असणे आणि अभ्यासक्रमाच्या अटी पूर्ण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक आजही कायम आहे.

एफ.ए. परीक्षेचे स्वरूप

भोसले घराण्याच्या राजवटीमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या तंजावर शहरापासून कुंभकोणम सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. तेथे कावेरीच्या काठी १८५४ मध्ये सुरू झालेल्या शाळेचे पुढे महाविद्यालयात रूपांतर झाले. अध्यापनाच्या लौकिकामुळे त्यास ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हटले जात असे.

महाविद्यालयात शिकवणी होत असली तरी परीक्षा मद्रास विद्यापीठाची असे. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे स्थापन झालेली तिन्ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचे काम विद्यापीठाचे, अशी ही विभागणी होती.

प्रवेश परीक्षा, म्हणजेच मॅट्रिक, उत्तीर्ण झालेला विद्यार्थी दोन वर्षांच्या ‘फर्स्ट आर्ट्स’ अथवा एफ.ए. वर्गात दाखल होई. बी.ए.ला जाण्यापूर्वीची ही पायरी होती. आजच्या अकरावी-बारावीशी तिची ढोबळमानाने तुलना करता येईल. इंग्रजी, गणित, संस्कृत, शरीरक्रियाशास्त्र, तसेच ग्रीस व रोमचा इतिहास हे विषय रामानुजन यांना होते. त्यांतील बीजगणित हा संपूर्ण अभ्यासक्रमाचा केवळ एक भाग होता.

उत्तीर्ण होण्यासाठी तीन अटी होत्या. पहिली, मान्यताप्राप्त महाविद्यालयात नाव असणे. दुसरी, पुरेशा उपस्थितीचा दाखला मिळविणे. तिसरी, प्रत्येक विषयात किमान गुण मिळविणे. एका विषयातील अधिक गुण दुसऱ्या विषयातील तूट भरून काढू शकत नसत. एक विषय राहिला तर संपूर्ण परीक्षाच अनुत्तीर्ण समजली जाई.

नियम आडवा आला तेव्हा

रामानुजन यांचे वडील कापडाच्या दुकानात कारकून होते आणि त्यांचे मासिक वेतन सुमारे २० रुपये होते. कुंभकोणमच्या टाऊन हायस्कूलमधील यशानंतर १९०४ मध्ये त्यांना शासकीय महाविद्यालयाची सुब्रह्मण्यम शिष्यवृत्ती मिळाली. इंग्रजी आणि गणितातील गुणवत्तेवर ती दिली जात असे. तिच्यामुळेच शिक्षण पुढे चालू राहणे शक्य होते.

महाविद्यालयात आल्यावर मात्र गणिताखेरीज अन्य विषयांकडे त्यांचे लक्ष राहिले नाही. इतिहासाच्या वा इंग्रजीच्या तासालाही ते गणितेच सोडवीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शिष्यवृत्ती गेल्यावर त्यांच्या आईने प्राचार्यांची भेट घेतली, परंतु निर्णय बदलला नाही. ऑगस्ट १९०५ मध्ये सतरा वर्षांचे रामानुजन घरी न सांगता विशाखापट्टणमच्या दिशेने निघून गेले. ते परत आले, तरी उपस्थितीची अट त्या वर्षी पूर्ण होणे शक्य नव्हते.

१९०६ मध्ये त्यांनी मद्रास येथील पचय्यप्पा महाविद्यालयात पुन्हा प्रवेश घेतला. तेथे आजारपणाची भर पडली आणि शरीरक्रियाशास्त्राचा विषय त्यांना जमला नाही. त्या वर्षाअखेर ते एफ.ए. अनुत्तीर्ण झाले. १९०७ मध्ये खासगीरीत्या दिलेल्या परीक्षेतही हाच निकाल लागला. त्यानंतर त्यांनी पुन्हा परीक्षा दिली नाही.

पाठ्यपुस्तकापलीकडचे बीजगणित

शालेय वयातच रामानुजन यांच्या हाती जी. एस. कार यांचा एक संदर्भग्रंथ आला होता. केंब्रिजच्या गणित परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी तो लिहिला होता. बीजगणित, त्रिकोणमिती, कलनशास्त्र आणि वैश्लेषिक भूमिती यांतील हजारो निष्कर्ष त्यात क्रमवार दिले होते, सिद्धता मात्र अगदी त्रोटक होत्या. रामानुजन यांनी ते स्वतः पडताळले आणि आपले निष्कर्ष वह्यांमध्ये नोंदविण्यास प्रारंभ केला. या वह्यांची छायाप्रत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली.

त्यांची विचारपद्धती समजण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. १९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी वाचकांना पुढील राशीची किंमत विचारली होती :

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …))))

वर्गमुळात वर्गमूळ अशी ही मालिका कोठेही संपत नाही. वाचकांपैकी कोणाचेही उत्तर आले नाही, तेव्हा रामानुजन यांनी स्वतःच ते दिले. उत्तर होते ३.

यामागील मूळ कल्पना शालेय बीजगणितातील आहे. कोणत्याही संख्येचा वर्ग हा तिच्या मागील व पुढील संख्यांच्या गुणाकारापेक्षा १ ने मोठा असतो. म्हणून ३ चा वर्ग म्हणजे १ + (२ × ४), ४ चा वर्ग म्हणजे १ + (३ × ५) आणि ५ चा वर्ग म्हणजे १ + (४ × ६). आता ३ ऐवजी √(१ + २ × ४) लिहावे, त्यातील ४ ऐवजी √(१ + ३ × ५) लिहावे, मग ५ ऐवजी √(१ + ४ × ६). असे करीत गेल्यास वरील राशीच तयार होते. ही क्रिया अनंतापर्यंत नेता येते हे काटेकोरपणे सिद्ध करणे हा पुढचा भाग आहे, परंतु वाट दाखविणारे सूत्र नववीच्या विद्यार्थ्यालाही कळण्यासारखे आहे.

या नियतकालिकामागील संस्थेचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध होता. व्ही. रामस्वामी अय्यर यांनी १९०७ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. तेथून गणितविषयक ग्रंथ आणि परदेशी नियतकालिके देशभरातील सभासदांना मिळत. पदवी नसलेल्या रामानुजन यांचे संशोधन प्रथम प्रसिद्ध झाले ते या संस्थेच्या नियतकालिकात. तेथे लेखासोबत एफ.ए.चे प्रमाणपत्र मागितले जात नव्हते.

नियमाची दुसरी बाजू

तरीही एफ.ए.चा नियम निरर्थक होता असे म्हणता येत नाही. उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. पदवीधरांपैकी अनेकांना सरकारी कचेऱ्या, न्यायालये आणि शाळांमध्ये काम करावयाचे असे. अनेक विषयांचे किमान ज्ञान असल्याची खात्री प्रमाणपत्राने द्यावी, अशी अपेक्षा होती. शिवाय सर्वांना एकच परीक्षा असल्यामुळे ओळख आणि वशिला यांना काही प्रमाणात आळा बसत असे.

याच व्यवस्थेने कापड दुकानातील कारकुनाच्या मुलाला शिष्यवृत्ती दिली होती, हेही विसरता येत नाही. गुणांच्या आधारे तिने त्याला आत घेतले आणि गुणांच्याच आधारे बाहेर काढले. एका विषयात असामान्य आणि अन्य विषयांत दुर्बळ अशा विद्यार्थ्याचे काय करावे, याचे उत्तर मात्र तिच्याकडे नव्हते. महाविद्यालयातील अध्यापकांना त्याची बुद्धी दिसत होती, पण अपवाद करण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता.

याची किंमत मोठी होती. अठराव्या ते पंचविसाव्या वर्षांचा काळ गणितज्ञाच्या आयुष्यात महत्त्वाचा असतो आणि रामानुजन यांच्या बाबतीत तो योग्य मार्गदर्शनाविना गेला, याची खंत केंब्रिजचे प्राध्यापक जी. एच. हार्डी यांनी पुढे व्यक्त केली. त्या काळात युरोपात आधीच सिद्ध झालेले अनेक निष्कर्ष रामानुजन यांनी एकट्याने पुन्हा शोधले.

१९१३ चा अपवाद

१९१० मध्ये रामानुजन यांची आर. रामचंद्र राव या अधिकाऱ्यांशी भेट झाली. त्यांनी काही काळ दरमहा २५ रुपयांचे साहाय्य केले. मार्च १९१२ पासून रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी हार्डी यांना पत्र लिहिले. फेब्रुवारीत हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी त्यांच्या वह्या पाहून मद्रास विद्यापीठाकडे शिफारस केली.

संशोधन शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवीधारकांसाठी होती आणि रामानुजन यांच्याकडे तर एफ.ए.ही नव्हती. विद्यापीठाच्या कायद्यात संशोधनास चालना देणे हा हेतू नमूद आहे आणि तो सफल होत असेल तर पदवीची अट आड येऊ नये, असा युक्तिवाद कार्यकारी मंडळाच्या बैठकीत करण्यात आला. एप्रिल १९१३ मध्ये तो मान्य झाला. १ मे पासून दोन वर्षांसाठी दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली.

येथे अटी रद्द झाल्या नाहीत, त्या बदलण्यात आल्या. रामानुजन यांनी दर तीन महिन्यांनी आपल्या कामाचा अहवाल सादर करावा, अशी नवी अट घालण्यात आली आणि त्यांनी ती पाळली. इंग्लंडला जाण्यापूर्वी त्यांनी असे तीन अहवाल दिले. इंग्रजी निबंधात अनुत्तीर्ण झालेल्या तरुणाने हे अहवाल इंग्रजीतच लिहिले. केंब्रिज विद्यापीठानेही नेहमीच्या प्रवेश अटी शिथिल केल्या आणि १९१६ मध्ये संशोधनाच्या आधारे त्यांना बी.ए. पदवी दिली.

आज काय बदलले आहे?

एफ.ए. परीक्षा इतिहासजमा झाली आहे. श्रेयांक पद्धतीत उत्तीर्ण झालेल्या विषयाचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर राहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये त्यासाठी ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची नियमावली जाहीर केली. एका विषयात अपयश आले म्हणून बीजगणितातील यश पुसले जात नाही. तो विषय पुन्हा देता येतो. मात्र पदवीसाठी सर्व आवश्यक श्रेयांक लागतातच. उपस्थितीची अटही कायम असून बहुतेक विद्यापीठांत ती ७५ टक्के आहे.

प्रश्नाची उलट बाजूही आहे. अन्य विषयांत चांगल्या असलेल्या अनेक विद्यार्थ्यांना गणितच अडविते. अमेरिकेत अनेक महाविद्यालयांत कोणतीही पदवी घ्यायची असली तरी बीजगणिताचा टप्पा ओलांडावा लागत असे. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने २०१७ मध्ये गणित-विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी ही अट शिथिल करून संख्याशास्त्रासारखे पर्याय खुले केले. महाराष्ट्रातही २०२४ मध्ये दहावीच्या गणित व विज्ञानात ३५ पेक्षा कमी, पण २० हून अधिक गुण मिळविणाऱ्यांना विशिष्ट शेऱ्यासह पुढे जाऊ देण्याचा प्रस्ताव चर्चेत आला. अशी सवलत घेणाऱ्यास पुढे गणित-विज्ञानाचा मार्ग बंद होतो, हा त्यातील वादाचा मुद्दा आहे.

विद्यार्थ्यांनी काय तपासावे?

प्रवेश घेतानाच चार बाबी लेखी स्वरूपात पाहून ठेवणे हिताचे ठरते. प्रत्येक विषयात स्वतंत्र किमान गुण हवेत की एकत्रित गुण चालतात? शिष्यवृत्ती पुढील वर्षी चालू राहण्याची अट कोणती? आजारपणात उपस्थितीची सूट कोण देऊ शकतो आणि त्यासाठी अर्ज किती दिवसांत करावा? आणि अपवादासाठी दाद मागावयाची झाल्यास ती कोणाकडे मागावी? यांतील शेवटचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. रामानुजन यांच्या बाबतीत त्याचे उत्तर मिळण्यास आठ वर्षे लागली.

रामानुजन यांचे २६ एप्रिल १९२० रोजी मद्रास येथे वयाच्या ३२ व्या वर्षी निधन झाले. तंजावरच्या शास्त्र विद्यापीठाने कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी मार्गावरील त्यांचे घर जतन केले आहे. हे विद्यापीठ २००५ पासून त्यांच्या नावे गणितातील आंतरराष्ट्रीय पुरस्कार देते. पहिल्या वर्षी मंजुल भार्गव आणि कन्नन सौंदरराजन यांना हा पुरस्कार देण्यात आला. त्यासाठी वयाची मर्यादा ३२ वर्षे असून निवड केवळ संशोधनाच्या आधारे केली जाते.