पडदा लावला… पडदा पडला!

पिंपळगाव बसवंतच्या मार्केटमध्ये टोमॅटोच्या क्रेटवर बोली कशी फटाफट चढते! त्याच स्पीडने चला, रशिया ते परळ. तिकीट एकच: लिओ टॉल्स्टॉयची १८८६ची लघुकादंबरी, 'इव्हान इलिचचा मृत्यू'.

माहीत आहे का? गोष्ट सुरूच होते हिरोच्या मरणाच्या बातमीने. सस्पेन्स पहिल्याच पानावर खल्लास! आणि कोर्टातल्या सहकाऱ्यांच्या मनात काय? आता प्रमोशन कोणाला!

दुखण्याचं निमित्त? नव्या घराचा पडदा! न्यायाधीशसाहेब स्वतः शिडीवर चढले, पाय सटकला, कुशीला मुका मार बसला. पडदा लागला आणि आयुष्यावरच पडदा पडू लागला. वय फक्त ४५.

मूत्रपिंड की अपेंडिक्स? डॉक्टरांचं शेवटपर्यंत ठरत नाही. जन्मभर निकाल देणाऱ्याचाच निकाल राखून ठेवलेला!

माहीत आहे का? खराखुरा इव्हान इलिचही होता! रशियातल्या 'तुला' शहरच्या कोर्टातले इव्हान इलिच मेचनिकोव्ह, मृत्यू १८८१. त्यांचा धाकटा भाऊ इल्या याला १९०८चं नोबेल मिळालं. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हा त्याचा शोध. शिवाय हा गडी दह्याचा जबरा फॅन: दही खा, जास्त जगा!

आता थेट मुंबई! इल्याचा विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन. १८९७ मध्ये मुंबईत त्याने प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाने इव्हान इलिचच्याच गोष्टीवरून प्रेरणा घेऊन १९५२ मध्ये 'इकिरू' काढला. अर्थ? जगणं! मरणाच्या पुस्तकातून जगण्याचा सिनेमा.

आणि हा योग बघा: पुस्तकाला शंभर वर्षं झाली त्याच १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन उघडलं. बरे न होणाऱ्या कॅन्सर रुग्णांच्या वेदना हलक्या करणारं भारतातलं पहिलं हॉस्पिस!

पण गोष्टीतला सुपरस्टार कोण, माहीत आहे का? गेरासिम! खेड्यातून आलेला शेतकऱ्याचा पोरगा, घरचा गडी. बाकी सगळे 'बरे व्हाल' म्हणत वेळ मारून नेतात. हा एकटाच खोटं बोलत नाही. साहेबांचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन रात्र-रात्र बसतो. तेवढ्यानेही कळ कमी होते.

पिंपळगावकर, द्राक्षबागेतून घरी परतताना वाटेत कुणी खाटेला खिळलंय? मग आज दहा मिनिटं टेका तिथे. मोबाइल खिशात, हात त्यांच्या पायावर!