दुधाचा मुकुट, घरच्या घरी

थेंबाचा फोटो काढायला फार वेगवान कॅमेरा लागतो, असा अनेकांचा समज असतो. खरं काम करतो तो फ्लॅश. हिशेब करून बघा. ४५ सेंटिमीटरवरून सोडलेला थेंब खाली पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ मीटर असतो. शटर १/२०० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो दीड सेंटिमीटर सरकतो आणि फोटोत नुसती रेघ उमटते. पण खोलीत अंधार केला आणि फ्लॅश १/६४ पॉवरवर ठेवला, तर त्याचा उजेड साधारण १/२०००० सेकंदच टिकतो. तेवढ्यात थेंब मिलिमीटरचा सहावा हिस्सासुद्धा हलत नाही.

बाकी सामान घरगुती. मेडिकलमधून सलाइनचा साधा सेट आणायचा. त्यातून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो आणि चाक फिरवून थेंबांची गती ठरवता येते. खाली काळा ट्रे, त्यात दुधाचा पातळ थर. फ्लॅशपुढे लावायला पांढरं कापड लागतं. सुरतेत राहून त्यासाठी महागडा डिफ्यूजर विकत घेणं मला पटत नाही, रिंग रोडच्या मार्केटमधला सिंथेटिकचा तुकडा झकास चालतो. थेंब पडतो तिथे एक स्क्रू उभा करून त्यावर हाताने फोकस जुळवायचा, मग स्क्रू काढून घ्यायचा. अ‍ॅपर्चर एफ/११ च्या आसपास. फ्लॅश आणि वायर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, आणि बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नका. आतला कपॅसिटर जोरदार झटका देतो. पंखा मात्र बंदच, नाहीतर थेंब भरकटतो. मे महिन्यात हा छंद म्हणजे तपश्चर्याच!

पातळ थरावर मुकुट उठतो. खोल पाण्यात आधी खड्डा पडतो, मग त्यातून पाण्याचा खांब वर येतो. त्या खांबावर दुसरा थेंब नेमका आदळला तर छत्री उघडते. दोन थेंबांमधलं अंतर मी आर्डुइनो आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावून मिलिसेकंदात ठरवतो. तरी शंभरातले चार-पाचच फोटो ठेवण्यासारखे निघतात.

माझ्या भाचीने विचारलं, "मामा, एआयला सांगितलं तर असा फोटो लगेच मिळेल. मग तू एवढा खटाटोप कशाला करतोस?"

तिला मी वर्दिंग्टनची गोष्ट सांगितली. आर्थर वर्दिंग्टन हा इंग्लंडमधला भौतिकशास्त्रज्ञ. ठिणगीच्या उजेडात क्षणभर दिसलेला थेंब तो हाताने चितारत असे. जवळजवळ वीस वर्षं त्याची चित्रं सुबक आणि सगळ्या बाजूंनी सारखी होती. १८९४ मध्ये त्याला फोटो घेता आले, आणि खरे थेंब वेडेवाकडे निघाले! डोळ्यांनी जे पाहिलं ते मनाने परस्पर नीटनेटकं करून टाकलं होतं. हे त्याने स्वतःच १९०८ च्या पुस्तकात लिहून ठेवलं. पुढे अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने १९५७ मध्ये दुधाच्या थेंबाचा तो प्रसिद्ध रंगीत फोटो घेतला. त्याच्याही मुकुटाची टोकं अगदी एकसारखी नाहीत.

भाचीने माझे फोटो उघडून टोकं मोजली. प्रत्येक मुकुटाची संख्या वेगळी. एकाला तर एका बाजूला टोकच नव्हतं, आणि तिला तोच सगळ्यात आवडला. आता पुढच्या रविवारी तिला ताक सोडून बघायचंय. कढी नको, एवढीच माझी अट आहे.