शाई का फुटते?

जून उजाडला की वह्यांच्या दुकानात एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "कागद किती जीएसएमचा?" आकडा मोठा म्हणजे वही चांगली, असं गिऱ्हाईक धरून चालतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर आकाराचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर भरतो, म्हणजे ८० जीएसएमचा असा एक कागद ५ ग्रॅमचा. त्यावरून शाई फुटेल की नाही, ते मात्र कळत नाही. जपानचा 'तोमोए रिव्हर' हा कागद ५२ जीएसएमचा, मागची ओळ पुढे दिसावी इतका पातळ. तरी फाउंटन पेनवाल्यांनी तो डोक्यावर घेतला, कारण त्यावर शाई पसरत नाही.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते आणि तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी केशाकर्षणाने पुढे सरकतं. टिपकागद शाई ओढून घेतो तो याच गुणामुळे. लिहिण्याच्या कागदाची ही तहान आवरावी लागते. जुन्नरला किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाला खळ लावून, वाळवून, मग तो गुळगुळीत दगडाने घोटत. बोरूची मोडी अक्षरं कडा न सोडता उमटायची ती या मेहनतीमुळे.

१८०७मध्ये जर्मनीतल्या मॉरिट्झ इलिग यांनी राळ आणि तुरटी थेट लगद्यातच मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली. काम स्वस्त झालं, पण तुरटीमुळे कागदात आम्ल राहिलं आणि ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहिलं. जुन्या ग्रंथालयांत हात लावताच पानांचा चुरा होतो, त्यामागे मोठा वाटा या आम्लाचा. म्हणून वर्षानुवर्षं जपायच्या रोजनिशीसाठी 'आम्लरहित' असा उल्लेख असलेली वही शोधावी. गृहपाठाच्या वहीला त्याची गरज नाही.

दुकानात पारख करायची तर नेहमीचं शाईपेन सोबत न्यावं आणि नमुन्याच्या पानावर एक रेघ ओढून पाठ बघावी. बॉलपेनने ही परीक्षा होत नाही. त्याची शाई तेलकट, ती जवळपास कुठेही निमूट बसते. बॉलपेननेच लिहिणाऱ्यांनी भारी कागदावर पैसे का घालवावेत, हे मला कळत नाही. फार तुळतुळीत कागदावर शाई उशिरा वाळते, हेही डावखुऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आणखी एक गोष्ट बाइंडर जाणतात, गिऱ्हाईक विचारत नाही. यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने निजलेले असतात. ओलाव्याने तंतू जाडीत फुगतो, लांबीत फारसा नाही. पानाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला केला की तो सुरळी होतो. सुरळी ज्या दिशेने लांब, त्या दिशेने तंतू. ती दिशा शिवणीला समांतर असेल तर वही सपाट उघडते. आडवी असेल तर पानं ताठ उभी राहतात आणि पावसाळ्यात शिवणीपाशी लाटा उठतात.

कव्हरचं म्हणाल, तर खाकी कागद अजून उत्तम. मळला की बदलावा. मऊ पारदर्शक पीव्हीसीत लवचीकपणासाठी घातलेली रसायनं हळूहळू बाहेर पडतात आणि आतल्या झेरॉक्सची अक्षरं प्लॅस्टिकला चिकटून निघतात. प्लॅस्टिकच हवं असेल तर पॉलिप्रॉपिलीनचं घ्यावं. चामड्याचं कव्हर दिसतं देखणं, पण कोकणातल्या श्रावणात त्याला आठवड्यागणिक कोरड्या फडक्याने पुसत बसावं लागतं.