लिलावापूर्वीचे मूल्यमापन : जितेश शर्मा

अमेरिकेतील एनबीए बास्केटबॉलमध्ये करार संपलेला गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत आक्रमणाची मांडणी करणारा खेळाडू, ‘मुक्त’ झाल्यावर नवा संघ स्वतः निवडू शकतो. आयपीएलमध्ये मात्र संघाने न राखलेल्या खेळाडूचे पुढचे ठिकाण लिलावात ठरते.

• मूळचा अमरावतीचा आणि नागपूरस्थित विदर्भ क्रिकेट संघटनेच्या संघातून पुढे आलेला यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा २०२२ मध्ये २० लाख रुपयांत पंजाब किंग्जमध्ये दाखल झाला.

• अखेरच्या षटकांत उतरणाऱ्या फलंदाजाला मोजकेच चेंडू मिळत असल्याने त्याच्या एकूण धावांपेक्षा स्ट्राइक रेट, म्हणजे दर १०० चेंडूंमागील धावा, अधिक बोलका ठरतो. जितेशचा हा दर २०२३ मध्ये १५६ च्या आसपास होता आणि २०२४ मध्ये तो १३२ पर्यंत घसरला.

• नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात पंजाबने जितेशवरील बंगळूरू संघाच्या ७ कोटींच्या बोलीवर ‘राइट टू मॅच’, अर्थात तेवढीच रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क, बजावला. परंतु नियमानुसार मिळालेल्या एका वाढीव बोलीत बंगळूरूने रक्कम ११ कोटींवर नेली आणि पंजाबने माघार घेतली. एनबीएतील ‘मर्यादित मुक्त’ खेळाडूबाबत जुन्या संघाला याच्याशी मिळताजुळता हक्क असतो.