सायकलवरचा कामगार आणि आपली ट्रॉली



गावोगाव मोटारसायकली वाढल्या हे खरे. तरी एरंडोल परिसरात सायकलवर कामाला जाणारा माणूस काही दिसेनासा झालेला नाही. दहा किलोमीटरला त्याचा पाऊण तास जातो, आणि त्या पाऊण तासात अडचणी काय कमी असतात?

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बसतो, चाक फिरेनासे होते. तेव्हा सायकल दामटू नये. काडीने चिखल काढावा. रिम ओली असली की ब्रेकचे रबर धरत नाही, म्हणून उतारावर आधीपासूनच हळू यावे. बाभळीचा काटा लागला तर नुसता पॅच लावून भागत नाही. टायरच्या आतून फडके फिरवून टोक काढले नाही, तर दोन फर्लांगांवर पुन्हा तेच! मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो. उन्हात उभ्या सायकलच्या ट्यूबमधली हवा फुगते, जुना पॅच सुटतो. सायकल सावलीत लावावी.

एवढे ज्याचे त्याला सांभाळता येते. पण एक गोष्ट त्याच्या हाती नाही, आपल्या हाती आहे. ती म्हणजे उसाची ट्रॉली.

गाळपाच्या दिवसांत पाळी रात्री-अपरात्री सुटते. डायनॅमोचा दिवा चाक फिरेल तोवरच. सायकल हळू झाली की मिणमिणतो. धुळे-जळगाव महामार्गावर (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) समोरून ट्रकचा झोत आला की काही क्षण डोळ्यांपुढे अंधारीच येते. नेमकी तेव्हाच कडेला ट्रॉली उभी असली, मागे दिवा नाही, उसाची टोके बाहेर आलेली, तर बिचाऱ्याने करावे काय?

रिफ्लेक्टर स्वतः पेटत नाही. पडलेला उजेड तो आला त्याच दिशेला परत पाठवतो. म्हणून मिणमिणत्या दिव्यालाही तो चमकून दिसतो. मात्र चिखलाने माखला की असून नसल्यासारखा!

तेव्हा सभासदांना व वाहतूकदारांना विनंती :

१) ट्रॉलीच्या मागे दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर लावावेत व रोज पुसावेत.
२) बाहेर आलेला ऊस छाटून, आवळून बांधावा.
३) ट्रॉली बंद पडली तर रस्त्याच्या खाली घ्यावी.
४) चाकाला लावलेला दगड निघताना उचलावा.

हा दगड फार वाईट. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतो आणि सायकलवाला रात्री त्यावर आपटतो. उचलायला अर्धे मिनिटही लागत नाही. ट्रॉली आपली, तसा पाळीवरून घरी निघालेला माणूसही आपल्याच गावचा आहे.